खिडकीवर न उघडलेली यादी

तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद पुन्हा उघडायला तुम्हाला कोणाची परवानगी लागते?

प्रश्न विचित्र वाटेल. वहीचं पान उलटायला कोण कोणाला विचारतं? पण तुमच्या शाळेत, दुकानात, कार्यालयात जो संगणक ठेवलाय, त्यावर एक अर्ज लिहा आणि तो दुसरीकडे नेऊन उघडून बघा. तिथे त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर ठीक. नसेल तर तुमचा अर्ज म्हणजे बंद पेटी, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. तिची फुकट जाहिरात करायचं मला काही कारण नाही, आणि तुम्हाला ते नाव ठाऊक आहेच.

हे मला कसं कळलं आणि ते कळून घेताना माझ्या आत्याने काय गमावलं, ते सांगते.

आम्ही अंबरनाथच्या बुवापाड्यात राहतो. बाबा कारखान्यात फिटर. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. नळाला पाणी का येत नाही, हुंडा का घेऊ नये, रात्रशाळेत नाव कसं घालावं, कारखान्याने काढलेल्या कामगारांचं पुढे काय झालं, अशा सगळ्यावर बाबा आणि त्यांचे मित्र पत्रकं काढायचे. ताज्या छापलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अभ्यास केलाय. माझ्या आडनावाच्या आधी मला ‘निषेध’ लिहिता यायला लागलं, असं आई अजून चिडवते. प्रत्येक पत्रकाच्या तळाला एक ओळ ठरलेली असायची: वाचून झाल्यावर शेजाऱ्यास द्यावे, कोणीही छापावे. मी एकदा विचारलं, ही ओळ रोज रोज कशाला? बाबा म्हणाले, “आपण हजार छापतो. उरलेली लोकांनी छापायची.”

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या बुद्धविहाराच्या समितीने वरच्या खोलीत अभ्यासिका काढली आणि तिथे दोन जुने संगणक घ्यायचं ठरवलं. वस्तीत संगणक चालवता येणारी मी एकटीच, म्हणून खरेदीला मला आणि खजिनदार काकांना पाठवलं. शेअर रिक्षाने आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो. खाली जीन्सचे कारखाने, वर संगणकाचं दुकान. जिन्यावर निळ्या धाग्यांचा गालिचाच पसरलेला. दुकानदार सिंधी गृहस्थ, वयाने बाबांएवढे, हसतमुख.

“बेटा, सब डाल के देता हूं,” ते म्हणाले. “लिखने का, तक्ते बनाने का, मराठी फाँट, गेम भी. सॉफ्टवेअर का कुछ नहीं लूंगा.”

“अंकल, हे विकत घेतलेलं आहे का?”

ते इतके हसले की आतला कारागीर बाहेर डोकावला. “पूरे कॅम्प तीन में घूम के आ. जिसने खरीदा होगा, उसको मेरे पास ला, मैं हार पहनाता हूं.”

काकांनाही हसू आलं. मला नाही आलं. “मग नको. रिकामे द्या.”

“खाली?” त्यांनी काकांकडे पाहिलं. “साईं, ये बच्ची पहली कस्टमर है जो खाली डब्बा मांगती है.”

त्यावरून समितीची बैठक चांगलीच तापली. मी पर्याय आणला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात संगणकाचं एक मासिक यायचं, त्याच्या पाठीला सीडी चिकटवलेली असायची. एका सीडीत मुक्त सॉफ्टवेअर होतं: संगणक चालवायला एक, पत्रं लिहायला एक, तक्ते आणि याद्या करायला एक, सगळं त्या कंपनीच्या मालासारखंच. सोबत इंग्रजीत लांबलचक परवाना होता. शब्दकोश घेऊन मी तो तीन दुपारी बसून वाचला. त्याचा अर्थ एवढाच होता की हे वापरा, आत कसं बनवलंय ते बघा, हवं तर बदला, आणि प्रती काढून इतरांना द्या. बाबांच्या पत्रकाची शेवटची ओळ कोणीतरी परदेशात बसून लिहिली होती, असं मला वाटलं.

“फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार,” खजिनदार काका म्हणाले.

“काका, ते अंकल देत होते तेही फुकटच होतं.”

“ते फुकट असलं तरी किमती वस्तू आहे गं! हे मुळातच फुकट. आणि उद्या आपली पोरं नोकरीला गेली, साहेबाने विचारलं अमुक येतं का, तर काय सांगतील? आमच्या विहारात दुसरंच शिकवलं?”

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. लिहायला एकात आलं की दुसऱ्यात येतं, हे मी सांगत होते, पण ते कोणाला पटत नव्हतं. शेवटी बाबा उठले. ते समितीत नव्हते, दारात चपलांजवळ उभे होते.

“दर रविवारी खाली बसून आपण पंचशीलात काय म्हणतो? न दिलेलं घेणार नाही. ही म्हणते ते दिलेलं आहे. दुकानातलं न दिलेलं आहे. वर माळ्यावर न दिलेलं बसवायचं असेल, तर खाली ते म्हणणं तरी बंद करा.”

मग काका म्हणाले, “बस रे बाबा, तुझ्यापुढे माइक ठेवायची गरजच नाही.” ठरलं.

मी पुन्हा कॅम्प तीनला गेले, सीडीच्या प्रती काढून घ्यायला. दुकानदार अंकलनी परवान्याचा तो भाग माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. “कॉपी करने का लिखा है? खुद लिखा है?” मग त्यांनी स्वतःसाठीही एक काढली आणि माझ्या प्रतींचं काहीही घेतलं नाही. “इतने साल कॉपी की,” म्हणाले, “आज पहली बार हुकूम से कर रहा हूं.”

अभ्यासिका सुरू झाली. आधी कॉलेजात टाइप केलेला मराठी अर्ज बाहेरच्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी खुणांचा चिखल दिसायचा, कारण कॉलेजातला चोरीचा फाँट दुसरीकडे नसायचा. इथे आम्ही लिहिलेलं मराठी दोन्ही संगणकांवर मराठीच राहायचं. मला फार अभिमान वाटायचा. आज वाटतं, जरा जास्तच वाटायचा.

त्या पावसाळ्यात उल्हास नदी बदलापुरात मांजर्लीत शिरली. आत्या तिथल्या चाळीत राहायची. बाबांची थोरली बहीण, नवरा गेलेला, मूल नाही. कॅम्प तीनमधल्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबते धागे कापून द्यायचं काम ती करायची. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तिने आधी गठ्ठे माळ्यावर फेकले. तिची पत्र्याची पेटी खालीच राहिली. “दुसऱ्याचा माल, तो भिजला तर काय तोंड दाखवू?” पाणी ओसरल्यावर गठ्ठे कोरडे होते आणि पेटीतल्या रेशन कार्डाचा लगदा झाला होता. तिने तो लगदा ताटलीत पसरून वाळवला. त्यावर फक्त शिक्क्याचा जांभळा डाग उरला.

त्या खोलीत आत्या राहते असं सांगणारा तो एकच कागद होता. भाड्याची पावती मालकाने कधी दिलीच नव्हती. आणि पूर ओसरल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तोच मालक दारात येऊन गोड आवाजात विचारू लागला, “मावशी, आता सगळी डागडुजी करायची म्हणतो. तुमचा कागद काय आहे?”

नवीन कार्ड मिळालं तर खोली, नाही तर रस्ता, इतकं ते सरळ होतं.

तेवढ्यात शिधावाटप कार्यालयाने फलक लावला. पूरग्रस्तांना दुय्यम रेशन कार्डं देण्यासाठी मांजर्लीच्या शाळेत एक दिवसाचं शिबिर होणार, प्रत्येक आळीने आपल्या कुटुंबांची यादी संगणकावर करून आठवडाभर आधी जमा करावी, यादीत नसलेल्यांचा त्या दिवशी विचार होणार नाही. आत्याने आळीत सांगून टाकलं, “आमची पोर करंल.”

मी आणि आत्या घरोघर फिरलो. चाळीसएक घरं. कोपऱ्यावर एक म्हातारे शेतकरी राहायचे, त्यांना मी विचारलं, “बाबा, घरात माणसं किती?”

“मान्सा सा, म्हशी दोन.”

“म्हशी नाही लिहायच्या.”

“का? त्या बी पान्यात व्हत्या!”

आत्या हसून हसून भिंतीला टेकली. पुरानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी म्हशीही एका वेगळ्या रकान्यात लिहिल्या. यादी अभ्यासिकेत बसून आमच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केली, आडनावांनुसार लावली, छापून पाच पानं काढली, आणि फ्लॉपीत घालून आम्ही दोघी कार्यालयात गेलो.

खिडकीतल्या साहेबांनी फ्लॉपी घातली, दोनदा टकटक केलं आणि बाहेर काढून माझ्यापुढे सरकवली.

“उघडत नाही.”

“साहेब, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलीय. त्याची सीडी आणलीय मी. इथे टाकली की लगेच उघडेल.”

“हे सरकारी मशीन आहे, मॅडम. इथे काहीही टाकता येत नाही. नेहमीच्यात करून आणा.”

“नेहमीचं म्हणजे कोणाचं?”

“सगळ्यांचं.”

तेवढ्यात त्यांच्या पडद्यावर एक चौकट उघडली. मला काचेतून स्वच्छ वाचता आली. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमची प्रत अस्सल नाही, तुमची फसवणूक झालेली असू शकते. साहेबांनी माशी उडवावी तशी ती बंद केली.

“हे काय होतं?” मी विचारलं.

“ते रोज येतं. बघायचं नसतं.”

माझं डोकंच फिरलं. ज्या कार्यालयात आमच्या नावांचा हिशेब ठेवतात, तिथल्या यंत्रात चोरीचा माल. आणि त्या चोरीच्या मालात उघडत नाही म्हणून माझी सरळमार्गी यादी नापास! मी बोलायला लागले. सरकार कोणाचं, नागरिकाने एका खाजगी कंपनीचं गिऱ्हाईक झाल्याशिवाय अर्ज करू नये असा नियम कुठे लिहिलाय, तो दाखवा. आवाज चढत गेला. मागून कोणीतरी ओरडलं, “ताई, भाषण मैदानात करा ना, लाइन सरकू द्या!” लोक हसले. मी आणखी चिडले.

आत्याने ओढणी ओढली. “अगं, त्यांना पायजे तसं करून दे. बाहेर झेरॉक्सवाला आहे ना.”

“नाही आत्या. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“मग छापलेली पानं तरी दे. आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही इथून.”

“फाइलच घ्यायला लावते त्यांना. कागदावर भागवायचं नाही.”

आणि मी ती पाच पानं पिशवीत तशीच ठेवून, मान ताठ करून बाहेर पडले.

आता खरं काय ते सांगते. आमच्या मुक्त सॉफ्टवेअरमधून तीच यादी त्या कंपनीच्या प्रकारातही साठवता येते. वेगळ्या नावाने साठवताना खालच्या ओळीत प्रकार निवडायचा, बस. मला हे येत होतं. मी अभ्यासिकेतल्या मुलींना ते शिकवलंही होतं. मी ते केलं नाही. मी माझ्या घरात अन्याय झाल्यावर जे करतात ते केलं: पत्रक काढलं.

पत्रक झकास झालं. कोण कोणाला काय विकतंय, चोरी कोण करतंय, भाषा कोणाची, सगळं त्यात होतं. प्रेसवाल्याने दोन दिवस लावले, त्यात यादी जमा करायची मुदत संपली. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. मला वाटत होतं, पत्रक वाटलं की शिबिराच्या दिवशी लोकच साहेबांना जाब विचारतील.

शिबिराच्या सकाळी मी मांजर्लीच्या शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून पत्रकं वाटत होते. आत एकेका आळीची नावं पुकारत होते. लोक जात होते, फोटो चिकटवून घेत होते, सही करत होते, कार्ड घेऊन बाहेर येत होते. येताना माझ्या हातून पत्रकही घेत होते. म्हशीवाले म्हातारबाबा माझ्याशेजारी उकिडवे बसले होते.

“आमची आली कवा पुकारतील गो?”

“पुकारतील बाबा.”

दुपार उलटली. टेबलं आवरायला लागले तेव्हा आत्याच आत गेली. मी खिडकीतून बघत होते. तेच साहेब. “त्या आळीची यादी आलीच नाही,” ते म्हणाले. “आणली होती? मग पोच दाखवा.”

पोच नव्हती. पाच पानं माझ्या पिशवीत होती, त्या क्षणीही.

आत्या बाहेर आली. हातात माझं पत्रक. तिला वाचायला वेळ लागतो, पण तिने ते फाटकात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं.

“चांगलं लिहिलंस,” ती म्हणाली. “यात माझं नाव कुठाय?”

म्हातारबाबांनी पत्रकाची घडी करून कानामागे खोचली आणि ते निघून गेले. मी त्यांना हाक मारली नाही.

घरी बाबांनी पत्रक नेहमीसारखं दोनदा वाचलं. मला वाटलं, निदान ते तरी पाठ थोपटतील. “आळी कार्डासाठी लायनीत उभी होती,” ते म्हणाले, “आणि तू त्यांच्या हातात कागद दिलास तो हा. त्यांचा कागद तुझ्या पिशवीत ठेवून.” मग चष्मा काढून म्हणाले, “उद्या ऑफिस उघडायच्या आधी जाऊन उभी राहा.”

गेले. यादी कंपनीच्या प्रकारात साठवलेली, आमच्या प्रकारातही साठवलेली, छापलेली पानं, आणि वर अर्ज. साहेबांनी फ्लॉपी उघडली. “आता कशी उघडली?” त्यांनी हसत विचारलं. मी तोंड बंद ठेवून पोचेची प्रत पुढे केली. शिक्का बसला. त्या आवाजासाठी मी आधी किती फुकट घसा ताणला होता! शेजारच्या टेबलावरच्या बाई सगळं ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “ती सीडी द्या हो मला. माझ्या मशीनवर ती फसवणुकीची चौकट दर पाच मिनिटांनी येते, काम करू देत नाही.” साहेब म्हणाले, “वरून आदेश आहे का?” बाई म्हणाल्या, “तुम्ही टाकलंत त्याचा होता का?”

दुसरं शिबिर झालं दिवाळीनंतर. आळीला कार्डं मिळाली, आत्यालाही मिळालं. पण त्यावर पत्ता बुवापाड्याचा होता. कारण तोवर मालकाने तिची खोली ‘डागडुजीला’ रिकामी करून घेतली होती, आणि कागद दाखव म्हटल्यावर आत्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता त्या खोलीत कोणाची तरी सिमेंटची पोती आहेत. आत्या आमच्याकडे राहते, धागे कापते, आणि दुपारी अभ्यासिकेत येऊन दोन बोटांनी मराठी टाइप करते. मला टोमणा मारायची संधी सोडत नाही. काल एक अर्ज लिहून झाल्यावर म्हणाली, “बाई, हे तुझ्या तत्त्वात साठवू की माझ्या कामात?”

“दोन्हीत, आत्या.”

माझी चूक मी इथे लिहून ठेवली. पण त्यामुळे त्या खिडकीची चूक धुतली जात नाही. मी दोन बटणं दाबायला हवी होती हे खरं, आणि पुरात घर बुडालेल्या माणसाचं नाव यादीत घ्यायला सरकारने एका कंपनीची अट घालावी, तीही चोरून आणलेल्या प्रतीवर बसून, हेही तितकंच खरं. मी त्या दिवशी भांडले ते बरोबर होतं. यादी न देता भांडले ते नव्हतं. मला अजूनही राग येतो आणि तो जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. मुक्त सॉफ्टवेअरची एक सीडी मिळवा, तिच्या दोन प्रती काढा. एक स्वतःच्या संगणकात टाका. दुसरी घेऊन या आठवड्यात तुमच्या जवळच्या कार्यालयात जा आणि सोबत एका पानाचा अर्ज द्या: नागरिकाने मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइल स्वीकारावी, आणि ती उघडत नसेल तर छापलेला कागद नाकारू नये. तोवर कोणाचं काम अडलं असेल तर त्यांना हव्या त्या प्रकारात ते आधी करून द्या. नंतर मनसोक्त भांडा. पण अर्जाची पोच हातात पडल्याशिवाय त्या खिडकीवरून हलू नका.